मार्क्सचं दुखणं

'मार्क्स' हा शब्द आपल्या कॉलेजात दिवसातून पन्नास वेळा तरी कानावर पडतो. इंटर्नलचे मार्क्स, ओरलचे मार्क्स, टर्मवर्कचे मार्क्स, आणि ते देणारे व न देणारे सर! (सरांनी हलके घ्यावे.) पण मित्रांनो, आज मी लिहिणार आहे दुसऱ्या मार्क्सबद्दल. दाढीवाल्या. कार्ल मार्क्सबद्दल. घाबरू नका, मी कुठल्या पक्षाचं पत्रक वाटत नाहीये. कम्युनिझम बरोबर की चूक यावर रात्री दोनपर्यंत भांडणारी मंडळी प्रत्येक हॉस्टेलच्या गच्चीवर असतात, ते काम त्यांच्याकडेच राहू दे. मला त्याच्या विचारांपेक्षा त्याच्या दुखण्यात रस आहे. का, ते पुढे कुठेतरी सांगेन. आणि हो, माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांच्या माथी!

तर, ५ मे १८१८ रोजी तेव्हाच्या प्रशियातल्या ट्रिअर या गावी कार्लचा जन्म झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. सतराव्या वर्षी पोरगा कायदा शिकायला बॉनला गेला आणि बाहेरगावी शिकायला गेलेली मुलं जे करतात तेच त्याने केलं. रात्रीची जागरणं, दारूच्या गुत्त्यावर दंगा, त्यापायी विद्यापीठाच्या कोठडीत एक दिवसाची सजा, आणि उधारी. वडिलांची पत्रं यायची, त्यात पैशाचा हिशोब विचारलेला असायचा. शेवटी त्यांनी त्याला बॉनमधून काढून बर्लिनला टाकलं. तिथे कायदा बाजूला पडला आणि तत्त्वज्ञानाचं वेड लागलं. १८४१ मध्ये येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, पण प्रोफेसरकी काही मिळाली नाही. मग कलोनमध्ये एका वर्तमानपत्राचा संपादक झाला. ते सरकारने १८४३ मध्ये बंद पाडलं. त्याच वर्षी जेनी फॉन वेस्टफालेन या लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी लग्न, मग पॅरिस, तिथून हकालपट्टी म्हणून ब्रुसेल्स, १८४८ मध्ये एंगेल्सबरोबर लिहिलेला कम्युनिस्ट जाहीरनामा, युरोपभर झालेली आणि फसलेली क्रांती, आणि १८४९ मध्ये लंडन. पुढची चौतीस वर्षं, मरेपर्यंत, लंडनच. हा सगळा भाग कुठल्याही चरित्रात सापडतो म्हणून मी पटकन उरकला.

लंडनमधले दिवस मात्र उरकण्यासारखे नाहीत. सोहो भागात डीन स्ट्रीटवर दोन खोल्या, त्यात नवरा-बायको, मुलं आणि घरकाम सांभाळणारी हेलेन डेमूट. उत्पन्नाचं साधन म्हणजे न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला पाठवलेले लेख, आणि मँचेस्टरहून एंगेल्स पाठवायचा ते पैसे. एंगेल्स तिथे आपल्या वडिलांची भागीदारी असलेल्या सुताच्या कंपनीत मन मारून नोकरी करत होता. पोस्टात चोरी होऊ नये म्हणून तो नोटेचे दोन तुकडे करायचा आणि वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवायचा. (आपल्याकडे घरून मनीऑर्डर यायची त्या काळातल्या सिनियर्सना याचं महत्त्व कळेल.) तरी पुरत नसे. १८५० मध्ये एक मुलगा गेला, १८५२ मध्ये एक मुलगी. तिच्या शवपेटीसाठी जेनीला शेजारच्या एका फ्रेंच निर्वासिताकडून दोन पौंड मागून आणावे लागले. १८५५ मध्ये आठ वर्षांचा एडगर गेला, तो तर बापाचा जीव की प्राण होता.

इथे आपल्या शाखेच्या दोन गोष्टी सांगून टाकते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मार्क्सने लंडनमध्ये बसून हिंदुस्थानातल्या रेल्वेवर लिहिलं. इंग्रजांनी आपल्या मालासाठी ही रेल्वे आणली असली तरी तिच्यातून या देशात आधुनिक कारखानदारी उभी राहील, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. १८६२ मध्ये पैशाची फारच चणचण झाली तेव्हा त्याने लंडनच्या एका रेल्वे ऑफिसात कारकुनाच्या जागेसाठी प्रयत्न केला. नोकरी मिळाली नाही. कारण? अक्षर वाईट! जर्नलवर लाल शाईचा शेरा मिळालेल्या सर्वांनी हे वाक्य कापून टेबलासमोर चिकटवायला हरकत नाही. त्याचं अक्षर खरंच इतकं भयानक होतं की छापखान्याला द्यायच्या प्रती जेनी लिहून काढायची.

दिवसा ब्रिटिश म्युझियमची रीडिंग रूम, रात्री घरी टेबल. पहाटेपर्यंत लिखाण, सोबत स्वस्तातले सिगार, एक संपला की दुसरा. जेवणाच्या वेळेचा पत्ता नाही. पोट बिघडायचं, यकृताचा त्रास व्हायचा, तो आपल्याला वारशाने आलाय असं त्याला वाटे. पण खरं ज्याने त्याला जेरीस आणलं ते दुखणं १८६३ च्या शरद ऋतूत उघडपणे पुढे आलं. पाठीवर एक भलंमोठं गळू आलं. डॉक्टरांनी त्याला कार्बंकल म्हटलं. आपल्याकडे काळपुळी म्हणतात ते. साधी पुळी नव्हे, ही खोल जाते, ठणकते, ताप आणते आणि माणूस जातो की काय अशी वेळ आणते. डॉक्टरांनी ते कापलं. वर औषध म्हणून भरपूर खायला आणि पोर्ट वाइन व काळी बीअर प्यायला सांगितली! पोर्ट अर्थात एंगेल्सने पाठवली.

घाव अजून भरत होता तेवढ्यात ३० नोव्हेंबरला ट्रिअरला आई वारली. वारसाहक्काची कामं होती, जावंच लागलं. तशा अवस्थेत प्रवास करून तो गेला आणि तिथून हॉलंडमध्ये झाल्टबोमेल या गावी मावशीच्या यजमानांकडे पोचला. तिथे दुसरं गळू आलं. पुन्हा डॉक्टर, पुन्हा कापाकापी. फेब्रुवारी १८६४ पर्यंत तो तिथेच अडकून पडला होता आणि घरातली मावसबहीण नानेट त्याची शुश्रूषा करत होती. या यजमानांचं नाव होतं लिऑन फिलिप्स. तंबाखूचे व्यापारी. त्यांचा मुलगा फ्रेडरिक आणि नातू गेरार्ड या दोघांनी १८९१ मध्ये आइंडहोव्हनला विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. होय, तेच फिलिप्स! गेरार्ड मेकॅनिकल इंजिनियर होता. म्हणजे ज्या ट्यूबलाइटखाली आपण सबमिशन करतो तिच्यावरचं नाव मार्क्सच्या मावशीच्या घरचं आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

त्यानंतर गळवांनी त्याची पाठ सोडली नाही. १८६४, १८६५, १८६६, १८६७, १८६८... दरवर्षी. एक बसतंय तोवर दुसरं. आणि जागा बघा: काखेत, जांघेत, मांड्यांना, बसायच्या जागी, लघवीच्या जागेच्या आसपास. त्यामुळे खुर्चीवर बसणं बंद. कधी उभं राहून लिहायचं, कधी कुशीवर पडून. म्युझियमपर्यंत चालत जाणंही बंद. जवसाच्या पोटिसासारखे गरम लेप बांधून पडून राहायचं.

जानेवारी १८६६ मध्ये त्याने 'भांडवल' या आपल्या मोठ्या ग्रंथाची छापायची प्रत करायला घेतली. लगेच गळवांचा इतका मोठा हल्ला झाला की घरचे घाबरले. एंगेल्सने मँचेस्टरच्या डॉक्टर गुम्पर्ट या मित्राला विचारलं, त्यांनी सोमल म्हणजे आर्सेनिक घ्यायला सुचवलं. ते विष आहे हे आपल्याला शाळेतच शिकवतात, पण तेव्हा कातडीच्या दुखण्यावर सर्रास देत. मार्क्सने तेही घेतलं. जांघेतल्या गळवाजवळ डॉक्टरला हात लावू द्यायला मात्र तो तयार नव्हता. त्या फेब्रुवारीत एके दिवशी त्याने सरळ वस्तरा घेतला आणि स्वतःच्या हाताने ते फोडलं. वस्तरा विल्हेल्म वोल्फ या मित्राचा होता. त्याला सगळे 'लुपस' म्हणत, लॅटिनमध्ये लांडगा. (ल्युपस नावाचा एक आजारही आहे, तोही कातडीवर दिसतो, पण त्याचा इथे संबंध नाही.) वोल्फ १८६४ मध्ये वारला, जाताना आपली बहुतेक पुंजी मार्क्सला देऊन गेला. 'भांडवल'चा पहिला खंड त्यालाच अर्पण केलाय. त्या पैशांचा मार्क्सच्या कुटुंबाला मोठा हातभार लागला, आणि त्याच्या वस्तऱ्याने मार्क्सने आपलं गळू कापलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला, आणि त्याचं कारण आता सांगते. कारण मीसुद्धा हेच केलंय. वस्तरा नव्हता, ड्रॉइंगच्या किटमधली डिव्हायडरची टोकदार बाजू होती. मेणबत्तीवर तापवून.

पहिल्या वर्षी शीट्स पूर्ण करायच्या आठवड्यात माझ्या काखेत गाठ आली. आजी याला काखमांजरी म्हणायची, गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. ड्राफ्टर सरकवायला हात उचलला की डोळ्यांत पाणी. इथल्या एका दवाखान्यात ती कापली, पट्टी केली, विषय संपला. दोन महिन्यांनी बरोबर तिथेच दुसरी. मग जांघेत. तेव्हा मात्र मी कोणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. एका डॉक्टरांनी नीट आंघोळ करत जा म्हणून सांगितलं होतं, आणि मी दिवसातून दोनदा आंघोळ करत होते! रूमपार्टनरला वाटायचं मी चिडकी आहे. तीन-चार लेक्चर्स सलग बाकावर बसायचं म्हणजे शिक्षा, म्हणून मी दांड्या मारायचे आणि हजेरीच्या यादीत नाव लागायचं. दीड वर्षाने स्किनच्या एका डॉक्टर मॅडमनी दोन मिनिटांत ओळखलं. त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारले: परत परत येतं का, त्याच त्याच जागी येतं का, काखेत नि जांघेत दोन्हीकडे येतं का. मग आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं आणि म्हणाल्या की हे बहुधा कार्ल मार्क्सलाही होतं. मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणून वाचायला घेतलं, आणि हा लेख.

आजाराचं नाव आहे हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. उच्चार करता करता जीभ वळत नाही, म्हणून सगळे 'एच.एस.' म्हणतात. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर हा ब्लॉकेजचा प्रॉब्लेम आहे. केस जिथून उगवतो त्या बारीक नळीचं तोंड बुजतं. आत मळी साचत जाते, दाब वाढतो, आणि नळी बाहेरच्या बाजूला न फुटता कातडीच्या आत फुटते. मग शरीराची संरक्षणयंत्रणा त्या मालावर तुटून पडते, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने. त्यातून गाठ, पू, ठणका. हे त्याच जागी वारंवार झालं की कातडीखाली एका गाठीपासून दुसरीपर्यंत बोगदे तयार होतात आणि वर जाड व्रण राहतात. नावात घामाच्या ग्रंथीचा उल्लेख आहे तो चुकून. पूर्वी डॉक्टरांना दोष त्या ग्रंथींचा वाटला, पुढे कळलं की सुरुवात केसाच्या मुळापाशी होते, पण नाव तेच राहिलं. हा आजार संसर्गजन्य नाही. टॉवेलने, बेसिनने, मेसच्या ताटाने कोणाकडून कोणाला होत नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही (हे वाक्य मी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावायला तयार आहे). साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी तो असतो. बहुतेकांना सुरू होतो तो वयात आल्यानंतर, विशीच्या आसपास. म्हणजे आपल्याच वयात.

आता मार्क्सला एच.एस. होता हे कोणी ठरवलं? सॅम शूस्टर म्हणून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे त्वचारोगाचे प्राध्यापक होते. त्यांनी मार्क्सची पत्रं डॉक्टरच्या नजरेने वाचली आणि २००७ मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. साधी गळवं कुठेही येतात आणि जातात. पण काख, जांघ, गुदद्वाराचा आसपास अशा ठरावीक जागी वर्षानुवर्षं येत राहणारी गळवं म्हणजे एच.एस. सांधेदुखीसारखे मार्क्सचे इतर काही त्रासही याच्याशी जुळतात असं ते म्हणतात. मेलेल्या माणसाला तपासता येत नाही, आणि मार्क्सला पाठीवर, चेहऱ्यावरही गळवं यायची, तेव्हा शंभर टक्के पुरावा कोणीच देणार नाही. मला स्वतःला मात्र जागांची यादी वाचूनच पटलं. शूस्टर पुढे जाऊन असंही सुचवतात की माणूस स्वतःपासून तुटतो, परका होतो, या मार्क्सच्या विचारामागे हे दुखणं असावं. इथे मला ते जरा ताणल्यासारखं वाटतं, कारण परकेपणावर मार्क्सने पॅरिसमध्ये १८४४ सालीच लिहिलं होतं. पण स्वतःच्या कातडीची किळस येणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, तो शूस्टरना अगदीच मोडीत काढणार नाही.

चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. हा आजार मार्क्सच्या काळात अगदीच अज्ञात नव्हता. पॅरिसच्या वेल्पो नावाच्या सर्जनने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. मार्क्स चार वर्षांनी त्याच पॅरिसमध्ये राहायला गेला. १८५४ पासून व्हेर्नोय या दुसऱ्या फ्रेंच सर्जनने तर त्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं, फ्रान्समध्ये आजही त्याला व्हेर्नोयचा आजार म्हणतात. पण ते सगळं फ्रेंचमध्ये. लंडन-मँचेस्टरच्या डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. मार्क्सला फ्रेंच उत्तम येत होतं, पण तो म्युझियममध्ये बसून अर्थशास्त्र वाचत होता, आपल्याच काखेवरचं कोणी वाचतं का? त्यामुळे तो दोष देत राहिला यकृताला, जागरणांना, गरिबीला, स्वतःला. सिगारला दोष दिल्याचं मात्र माझ्या वाचनात आलं नाही, आणि नेमकं धूम्रपानाचं आणि एच.एस.चं नातं आज डॉक्टर सगळ्यात आधी सांगतात. 'भांडवल'मधून सिगारचे पैसेसुद्धा सुटणार नाहीत असं तो गमतीने म्हणायचा, पण सिगार काही सुटले नाहीत.

या दुखण्याने पुस्तकाचं काय केलं? आधी वाटेल की फक्त उशीर केला. पण एक उलटी गोष्टही घडली. त्याच फेब्रुवारी १८६६ मध्ये, डोकं तत्त्वांच्या गुंतागुंतीत चालेना तेव्हा, मार्क्सने पडल्या पडल्या सरकारी अहवाल काढले. कारखाना निरीक्षकांचे, आरोग्य खात्याचे, निळ्या पुठ्ठ्याचे जाडजूड अहवाल. आणि त्यातून कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाढवलं. 'भांडवल'मधलं आपल्यासारख्यांना खरंच वाचता येण्याजोगं हेच प्रकरण. काड्यापेटीच्या कारखान्यातली पोरं, बेकरीत रात्रभर राबणारे कामगार, थकून चुकणारे रेल्वेचे गार्ड. त्यात मेरी ॲन वॉकली नावाची शिवणकाम करणारी मुलगी आहे. राजवाड्यातल्या नाचासाठी मोठ्या घरच्या बायकांचे झगे शिवता शिवता साडेसव्वीस तास सलग काम केलं, एका कोंदट खोलीत तीस जणी, आणि जून १८६३ मध्ये मेली. वय वर्षं वीस. आजारी पडलेल्या माणसाने लिहिलेलं ते प्रकरण आहे हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर ते वेगळंच वाचलं गेलं.

मार्चमध्ये एंगेल्सने आग्रह करून त्याला मार्गेटच्या समुद्रकिनारी पाठवलं. महिनाभर समुद्रात आंघोळ, लांब फिरणं, रात्री झोप. बरं वाटलं. परत आला आणि पुन्हा तेच. अखेर मार्च १८६७ मध्ये हस्तलिखित पुरं झालं. ते घेऊन हँबर्गला मायस्नर या प्रकाशकाकडे जायचं, तर कपडे आणि घड्याळ गहाण! एंगेल्सने पस्तीस पौंड पाठवले तेव्हा ते सुटले आणि मार्क्स १० एप्रिलला बोटीत बसला. पुढचे काही आठवडे तो हानोव्हरला कुगेलमान या चाहत्याकडे राहिला. तेही डॉक्टरच, पण स्त्रीरोगाचे. प्रुफं येऊ लागली. ती वाचून एंगेल्सने कळवलं की दुसऱ्या फॉर्मवर गळवांची छाया पडलेली दिसते. त्यावर मार्क्सने, भांडवलदारांना आपल्या या गळवांची जन्मभर आठवण राहो अशा अर्थाचं उत्तर धाडलं. १६ ऑगस्टला पहाटे दोन वाजता शेवटचं प्रूफ तपासून झालं, तेव्हा त्याने लगेच एंगेल्सला आभाराचं पत्र लिहिलं. सप्टेंबरमध्ये पुस्तक बाहेर आलं. प्रती एक हजार.

मार्क्स आज असता तर त्याला काय सांगितलं असतं? हे मी डॉक्टर मॅडमना विचारलं, कारण मला स्वतःचंही विचारायचं होतं. पहिलं म्हणजे वस्तरा ठेवून दे. नुसतं कापून पू काढला की त्या दिवशी ठणका थांबतो, म्हणून असह्य झालं तर डॉक्टर तसं करतातही, पण मूळ जागेवरच असतं आणि गाठ जवळजवळ नक्की परत येते. बोगदे झाले असतील तर त्यांचं छप्पर उघडून साफ करण्याची वेगळी शस्त्रक्रिया असते. आजार किती पसरलाय याच्या हर्ली नावाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत सुट्या गाठी, बोगदे नाहीत. तिसरीत अख्खा भाग बोगद्यांनी पोखरलेला. मी पहिल्या आणि दुसरीच्या मधे. पहिल्या पायरीला क्लिंडामायसिनचं लोशन, मग डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही महिने. या गोळ्या जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्यासाठी जास्त उपयोगी पडतात, म्हणून बरं वाटलं की स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि मेडिकलमधून मनाने आणायच्याही नाहीत. अचानक फुगलेल्या एखाद्या गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. याने भागलं नाही तर दाहाचा एकेक निरोप्या पकडणारी इंजेक्शनं आहेत. ॲडालिमुमॅबला २०१५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, सेक्युकिनुमॅबला २०२३ मध्ये. महाग आहेत, आणि ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. कायमचा बरा करणारा उपाय अजून नाही. पण आटोक्यात ठेवता येतो, आणि जितकं लवकर कळेल तितके बोगदे कमी. अडचण तिथेच आहे. कित्येक पाहण्यांत पहिली गाठ आणि योग्य निदान यांच्यात सरासरी सात-सात, दहा-दहा वर्षं गेलेली दिसतात. कारण जागा अशी, की कोणी दाखवत नाही.

बाकीचं रोजचं. सैल सुती कपडे. दुखऱ्या जागी रेझर नाही. वजन जास्त असेल तर कमी करणं. सिगारेट बंद (हॉस्टेलच्या मागच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जमणाऱ्यांनी वाचले असे समजते). मन खचलं तर तेही डॉक्टरला सांगणं, कारण या आजारात नैराश्य बऱ्याच जणांना येतं. माझी यातली निम्मी पथ्यं पाळली जातात. सबमिशनच्या आठवड्यात तीही नाही. पण वर्षभरात कापाकापी एकदाही झालेली नाही, आणि आईला सगळं माहीत आहे. ती फोनवर आधी जेवलीस का विचारते आणि मग हळूच गाठीचं.

मार्क्सकडे परत येते. १८६९ मध्ये एंगेल्सने नोकरी सोडली आणि मार्क्सला वर्षाला साडेतीनशे पौंडांची सोय करून दिली, तेव्हा पैशाची काळजी मिटली. १८७४ पासून लागोपाठ तीन वर्षं तो कार्ल्सबादच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन आला. पण काम पूर्वीसारखं झालं नाही. वाचन अफाट, टिपणांवर टिपणं, पुस्तक मात्र पुढे सरकेना. २ डिसेंबर १८८१ ला जेनी गेली. छातीच्या दुखण्यासाठी तो अल्जीरियाला गेला, तिथे ती प्रसिद्ध दाढी काढून टाकली. जानेवारी १८८३ मध्ये थोरली मुलगी गेली, आणि १४ मार्चच्या दुपारी तो आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेला. हायगेटच्या स्मशानभूमीत पोचवायला दहा-बारा माणसं होती.

'भांडवल'चे पुढचे दोन खंड कागदांच्या ढिगात होते. एंगेल्सने ते लावायला घेतले. दुसरा खंड १८८५ मध्ये निघाला, तिसरा १८९४ मध्ये. इतका वेळ लागण्याचं एक कारण म्हणजे ते अक्षर, ज्याने रेल्वेची नोकरी घालवली होती. जेनी गेल्यानंतर ते नीट वाचू शकणारा माणूस जवळजवळ एकटा एंगेल्सच उरला होता, आणि आता त्याचेही डोळे अधू झाले होते. म्हणून १८८९ पासून त्याने काउट्स्की आणि बर्नस्टाइन या दोन तरुणांना शेजारी बसवून मार्क्सचं अक्षर वाचायला शिकवलं.